साखळी किती लांब असावी?



‘सेंद्रिय अर्धवाहक आणि अल्किल साखळीची लांबी’ हा विषय फलकावर वाचून आपण जरा बुचकळ्यात पडला असाल. असा विषय एखाद्या प्राध्यापकाला शोभावा. यंत्रमाग आणि सायझिंगच्या कामगारांत तीस वर्षे युनियनचे काम करणाऱ्या माणसाने तो का घ्यावा? रसायनशास्त्र मी कॉलेजात शिकलो नाही, नगरवाचनालयाच्या बाकावर शिकलो. ते का शिकावे लागले, हे पुढे ओघाने येईलच. आज प्रश्न एकच घेणार आहे. कार्बनच्या साखळीत दोन-चार दुवे कमी किंवा अधिक झाले, तर काय फरक पडतो?

प्रथम साखळी म्हणजे काय ते पाहू. एका कार्बनला दुसरा कार्बन, दुसऱ्याला तिसरा, अशी रांग करावी आणि प्रत्येकाचे मोकळे हात हायड्रोजनने भरून टाकावेत, म्हणजे ही साखळी तयार झाली. तिचे एक टोक मोकळे ठेवून ते दुसऱ्या एखाद्या रेणूला जोडले, की तिला ‘अल्किल’ म्हणतात. चार कार्बनांची ती ब्युटिल, सहांची हेक्झिल, आठांची ऑक्टिल, बारांची डोडेसिल. नावे परकी वाटली तरी वस्तू घरातल्याच आहेत. स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये तीन-चार कार्बनांच्या साखळ्या असतात आणि तो वायू आहे. पेट्रोलमध्ये साधारण चार ते बारा कार्बनांच्या साखळ्या असतात, ते उडून जाणारे द्रव आहे. रॉकेलमध्ये त्याहून थोड्या लांब असतात, म्हणून ते सावकाश उडते. वीस-तीस कार्बन झाले की मेणबत्तीचे मेण होते, आणि हजारो झाले की भाजी आणण्याची प्लॅस्टिकची पिशवी. वस्तू तीच, कार्बन आणि हायड्रोजन. फरक आहे तो लांबीचा.

असे का होते? दोन साखळ्या शेजारी आल्या म्हणजे त्यांच्या दुव्यादुव्यांत एक अगदी क्षीण ओढ असते. एका दुव्याची ओढ कोणाच्या खिजगणतीतही नाही. परंतु रस्सीखेचीत एका माणसाचा जोर किती आणि तीस माणसांचा किती! लांब साखळ्यांत ही क्षीण ओढ दुव्यागणिक साठत जाते आणि शेवटी वायूचे मेण होते. ह्या सभागृहात मी ज्या चळवळीतून आलो, तिच्या माणसाला हे गणित वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आता दुसरा शब्द, ‘सेंद्रिय अर्धवाहक’. येथे सेंद्रिय म्हणजे शेणखत नव्हे. सेंद्रिय म्हणजे कार्बनच्या संयुगांचे. तांबे वीज सुखाने वाहून नेते, काच मुळीच नेत नाही, आणि सिलिकॉनसारखे काही पदार्थ मधल्या अवस्थेत असतात. त्यांच्यातून वीज जावी की न जावी, हे आपल्याला ठरविता येते. हेच अर्धवाहक, आणि रेडिओपासून संगणकापर्यंत सारा पसारा त्यांच्यावर उभा आहे. कार्बनचे पदार्थ मात्र वीज रोखणारे, असाच पुष्कळ वर्षे समज होता. 1954 साली जपानमध्ये आकामातू, इनोकुची आणि मात्सुनागा ह्या तिघांनी पेरिलीन नावाच्या सेंद्रिय पदार्थात ब्रोमिन मिसळून तो चांगली वीज वाहतो असे दाखविले. 1977 साली शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर ह्यांनी पॉलिॲसिटिलीन ह्या प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्याला आयोडीनची वाफ दिली, तेव्हा त्याची वहनशक्ती प्रचंड वाढली. ह्या कामाबद्दल तिघांना 2000 सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ह्या पदार्थांत वीज जाते कशी? त्यांच्या कण्यात कार्बनचे बंध एक एकेरी, एक दुहेरी असे आलटून पालटून असतात. अशा कण्यावर काही इलेक्ट्रॉन एका अणूला बांधलेले राहात नाहीत. ते सबंध कण्यावर पसरतात, आणि कणे एकमेकांना पुरेसे चिकटून बसले तर एकावरून दुसऱ्यावर उडीही मारतात. सारी मेख ह्या उडीत आहे. अंतर थोडे वाढले की उडी कठीण होते.

परंतु निसर्ग एका हाताने देतो आणि दुसऱ्या हाताने घेतो. कणे एकमेकांना घट्ट चिकटतात म्हणून वीज जाते, आणि घट्ट चिकटतात म्हणूनच ते कशात विरघळत नाहीत, वितळतही नाहीत. पॉलिथायोफीनचे उदाहरण घ्या. चार कार्बन आणि एक गंधक अशा पाच अणूंच्या कड्या एकापुढे एक जोडून हा कणा बनतो. तो तयार होतो तो भुकटीच्या रूपात, आणि कोणत्याही द्रावकात ती भुकटी तशीच पडून राहते. जे विरघळत नाही त्याची शाई होत नाही, आणि शाई नाही तर छपाई नाही. ही छपाई महत्त्वाची का, हेही सांगतो. आज अनेक मोबाइल फोनांचे पडदे सेंद्रिय अर्धवाहकांचे असतात. त्यांतले पदार्थ बहुधा निर्वात पेटीत तापवून, त्यांची वाफ काचेवर बसवून थर देतात. ती यंत्रे फार महाग. उलट वर्तमानपत्र छापावे तसे सौरपत्रे, पडदे आणि बिल्ले प्लॅस्टिकच्या गुंडाळीवर छापता आले, तर खर्च पुष्कळ उतरतो.

म्हणून 1980 नंतरच्या दशकात रसायनशास्त्रज्ञांनी एक युक्ती केली. कण्याच्या प्रत्येक कडीला त्यांनी अल्किल साखळीची एक शेपटी जोडली. शेपट्या सैल असतात, हलत राहतात, द्रावकाला आत शिरू देतात. शेपटी एका कार्बनची असली तर काही साधत नाही. चारांपासून पुढे पदार्थ विरघळू लागतो, आणि सहा, आठ, बारा असे वाढवीत गेले तर अधिकच सहज विरघळतो.

तर मग शेपटी जितकी लांब तितके बरे, असे का म्हणू नये? येथेच गोम आहे. विजेच्या तारेवर प्लॅस्टिकचे जे वेष्टण असते, ते पुष्कळदा पॉलिथीनचे असते, आणि पॉलिथीन म्हणजे हीच आपली कार्बनची साखळी, फार लांब केलेली. म्हणजे शास्त्रज्ञांनी वीज वाहणाऱ्या कण्याला वीज अडविणाऱ्या पदार्थाचीच शेपटी लावली! शेपटी स्वतः विजेचा एक कणही वाहत नाही. एकट्या रेणूच्या विद्युत्-गुणांत तिच्यामुळे म्हणण्यासारखा फरकही पडत नाही. तिचा सारा प्रभाव आहे तो शेजाऱ्यापासून किती अंतरावर आणि कोणत्या बाजूने बसावे, ह्यावर.

1992 साली अमेरिकेत मॅककलो आणि रिके ह्यांनी, प्रत्येकाने आपापल्या रीतीने, सर्व शेपट्या एकाच दिशेने ओळीने लावण्याची पद्धत काढली. तेव्हापासून हा पदार्थ छान पाटासारखा रचला जाऊ लागला. त्याची रचना डोळ्यांपुढे आणायची तर कापडाच्या गठ्ठ्यांची थप्पी आठवावी. कड्यांचे सपाट पृष्ठभाग एकमेकांना लागून, सुमारे 0.38 नॅनोमीटर अंतरावर रचलेले असतात, आणि ह्या दिशेने वीज सुखाने जाते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. परंतु एक थप्पी आणि शेजारची थप्पी ह्यांच्यामध्ये शेपट्यांचा थर असतो. शेपटी चार कार्बनांची असेल तर थप्पीपासून थप्पीचे अंतर सव्वा नॅनोमीटरच्या आसपास, सहांची असेल तर 1.6 ते 1.7, आणि बारांची असेल तर 2.6 च्या पुढे. ह्या दिशेने वीज जवळजवळ जातच नाही. 1999 साली केंब्रिजच्या सिरिंगहाउस आणि सहकाऱ्यांनी दाखविले की, ह्या थप्प्या पृष्ठभागावर उभ्या की आडव्या बसल्या एवढ्यावरून विजेच्या कणांची चलता शंभर पटींहून अधिक बदलते. चलता म्हणजे ठराविक विद्युत्-दाबाखाली कण किती वेगाने सरकतात त्याचे माप.

आता सर्व लांबींचा हिशेब एकत्र मांडू. चार कार्बनांची शेपटी असता पदार्थ कडक, ठिसूळ आणि विरघळण्यास नाखूष. बारांची असता तो झटकन विरघळतो. हेक्झिलचा पदार्थ 220 ते 240 अंशांच्या दरम्यान वितळतो, तर डोडेसिलचा 150 ते 170 अंशांतच नरमतो. चार कार्बनांवरून बारांवर गेले म्हणजे पापुद्र्याचा ताठरपणा दहाव्या हिश्श्याहूनही खाली येतो. वाकणाऱ्या, ताणल्या जाणाऱ्या वस्तूला हा गुण हवाच. परंतु बारा कार्बनांत विजेची चलता मार खाते, कारण दर किलो पदार्थात वाहणारा भाग कमी आणि अडविणारा भाग अधिक. बहुतेक मोजण्यांत सर्वांत चांगली चलता मिळाली ती मधल्या, सहा कार्बनांच्या शेपटीला. म्हणूनच हेक्झिलचा हा पदार्थ, ज्याला पी-थ्री-एच-टी म्हणतात, जगभरच्या प्रयोगशाळांत पुढे वर्षानुवर्षे वापरला गेला. सहा ह्या आकड्यात कोणताही मंत्र नाही. छपाईला पुरेशी विद्राव्यता आणि विजेला पुरेशी जवळीक ह्यांचा तो समझोता आहे. मी पुष्कळ समझोत्यांवर सह्या केल्या आहेत. दोन्ही पक्षांना थोडेथोडे सोडावे लागते तोच टिकतो.

तथापि ‘सहा’ हा सार्वत्रिक नियम समजू नये. आता उलट उदाहरण पाहा. वर उल्लेखिलेल्या इनोकुचींनी 1986 च्या सुमारास वेगळ्याच एका रेणूवर लांब लांब शेपट्या लावल्या. शेपटी लांब झाली म्हणजे मधले गाभे दूर ढकलले जातील, अशी कोणाचीही अपेक्षा. झाले उलटेच. शेपट्या एकमेकींना ओढून इतक्या घट्ट बसल्या की मधले गाभेही जवळ खेचले गेले. ह्याला त्यांनी बंदाची उपमा दिली. आपण पिशवीच्या बंदाला ‘चेन’ म्हणतो. दात दातांत बसत जातात आणि दोन्ही काठ जुळतात, तसे. योगायोग असा की, आपल्या मराठीत साखळी आणि हा बंद ह्या दोहोंना ‘चेन’ हा एकच शब्द चालतो, आणि येथे एक चेन खरोखरच दुसऱ्या चेनचे काम करते.

हाच गुण ताकिमिया आणि सहकाऱ्यांच्या एका रेणूत दिसला. चार कड्यांचा छोटा गाभा, दोन्ही टोकांना एकेक शेपटी, नाव बी-टी-बी-टी. 2007 साली त्यांनी पाचापासून चौदा कार्बनांपर्यंतच्या शेपट्या लावून पाहिल्या. विरघळण्यास आठांच्या आसपासच्या शेपट्या सोयीच्या ठरल्या. परंतु चलतेत लांब शेपट्यांचे रेणूही मागे पडले नाहीत. ह्यातल्या आठ कार्बनांच्या रेणूची शाई करून जपानी संशोधकांनी 2011 साली साध्या संगणकी छपाईयंत्रासारख्या यंत्राने सलग स्फटिकाचे पापुद्रे छापले. त्यांची सरासरी चलता दर व्होल्ट-सेकंदास सुमारे 16 चौरस सेंटीमीटर भरली. छापलेल्या पदार्थाच्या मानाने हा आकडा मोठाच होता.

मग पॉलिथायोफीनमध्ये लांबी नडली आणि येथे उपयोगी पडली, हे कसे? येथे शेपट्या गाभ्याच्या दोन टोकांनाच आहेत. गाभ्यांचा थर एक, शेपट्यांचा थर दुसरा. वीज गाभ्यांच्या थरातून आडवी जाते आणि शेपट्यांचा थर तिच्या वाटेत येतच नाही. म्हणजे लांबी चांगली की वाईट, असा प्रश्नच अपुरा आहे. ती कोठे लावली आहे आणि वीज कोणत्या वाटेने जाणार आहे, हे आधी विचारले पाहिजे.

शेपटीला फाटाही फुटू शकतो. फाटा कण्याच्या अगदी जवळ असला म्हणजे तो शेजाऱ्याला कोपर मारतो. 2012 साली बीजिंग विद्यापीठातील संशोधकांनी हा फाटा कण्यापासून दोन-तीन कार्बन दूर नेला. शेजारच्या कण्यांतील अंतर सुमारे 0.37 वरून 0.36 नॅनोमीटरच्या घरात आले आणि चलता तिपटीहून अधिक झाली. तसेच सम आणि विषम आकड्यांचेही आहे. साखळी नागमोडी असल्यामुळे शेवटचा दुवा सम आकड्यात एका बाजूला वळतो, विषमात दुसऱ्या. त्यामुळे वितळबिंदू पायऱ्यापायऱ्यांनी वरखाली होतात, असे मेदाम्लांच्या बाबतीत बायर ह्या जर्मन शास्त्रज्ञाने 1877 सालीच नोंदविले होते.

ह्या कथेत आपल्या देशाचाही वाटा आहे. 1977 साली बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर आणि त्यांचे सहकारी सदाशिव व सुरेश ह्यांनी चकतीसारख्या रेणूंचा द्रवस्फटिक जगात प्रथम दाखविला. मधोमध बेंझीनची कडी आणि भोवती सहा शेपट्या. शेपट्या योग्य लांबीच्या असल्या तरच ह्या चकत्या नाण्यांच्या चवडीसारख्या एकावर एक बसतात, तरी द्रवासारख्या सैलही राहतात. पुढे 1994 साली जर्मनीत, सहा सहा कार्बनांच्या सहा शेपट्या असलेल्या दुसऱ्या एका चकतीच्या चवडीतून विजेचे कण फार चपळाईने जातात असे आढळले. बंगळूरचे काम विजेसाठी झाले नव्हते. पण त्याने दाखविलेली वाट विजेपर्यंत पोचली.

आता माझ्या धंद्यातील एक दाखला देतो. सूत मागावर चढण्यापूर्वी सायझिंगमध्ये त्याला कांजी देतात. कांजी काही कापड नव्हे. ती सुताला बळ देते म्हणून विणताना ते तुटत नाही, आणि विणून झाल्यावर ती धुऊन काढतात. शेपटीचे काम हुबेहूब कांजीचे आहे: छपाईपुरती हवी, नंतर अडचण. म्हणून काही शास्त्रज्ञांनी, विशेषतः डेन्मार्कमध्ये क्रेब्स ह्यांच्या गटाने, अशा शेपट्या वापरल्या की थर देऊन झाल्यावर तो तापविला म्हणजे शेपटी तुटून उडून जाते आणि मागे कणा राहतो. तापविण्यास दोनशे-तीनशे अंश लागतात आणि साधे प्लॅस्टिक इतकी उष्णता सोसत नाही, ही अडचण आहे. परंतु कल्पना आमच्या सायझिंगवाल्याला एका वाक्यात समजते.

बंधुभगिनींनो, आता मी त्या गोष्टीकडे येतो जिच्यासाठी मला रसायनशास्त्राची पुस्तके उघडावी लागली. एका कारखान्यात — त्याचे नाव येथे घेत नाही — चिकटविण्याच्या खात्यात आमच्या काही बहिणी काम करीत. बोटांना मुंग्या येतात, जिना चढताना पाय लटपटतात, अशी त्यांची तक्रार होती. मी विचारले, पिंपात काय आहे? उत्तर मिळाले, ‘सोल्युशन’. पिंपावर नाव नव्हते. ते नाव मिळविण्यासाठी पत्रे, फेऱ्या आणि बैठका ह्यांत काही महिने गेले. शेवटी कागद हाती आला. त्यावर लिहिले होते ‘हेक्झेन’, म्हणजे सहा कार्बनांची साखळी. त्या रात्रीपासून मी साखळ्या मोजावयास शिकलो.

हा सहाचा आकडा शरीराला का बाधतो पाहा. सरळ साखळीचे हेक्झेन श्वासावाटे आत गेले म्हणजे यकृत त्यावर प्राणवायूची प्रक्रिया करते, आणि दुसऱ्या व पाचव्या कार्बनावर ऑक्सिजन बसून एक नवा पदार्थ तयार होतो. ह्या दोन जागांमधले अंतर असे नेमके आहे की, तो पदार्थ मज्जातंतूंतील प्रथिनांना पकडून गुंतवून टाकतो. पाच कार्बनांच्या पेंटेनमध्ये हा नेमका पदार्थ तयार होत नाही, आणि सात कार्बनांच्या हेप्टेनपासून तसा घातक पदार्थ फारच थोडा होतो. एका दुव्याचा फरक, आणि चालता माणूस अधू! 1960 नंतरच्या दशकात जपानमध्ये घरी बसून चपला चिकटविणाऱ्या कितीतरी कामगारांना ह्याच द्रावकाने आजारी पाडले. 2009 साली चीनमधील सुझौ येथे फोनचे पडदे हेक्झेनने पुसणारे 137 कामगार त्याने बाधित झाले. अल्कोहोलपेक्षा ते लवकर सुकते, म्हणून ते वापरले होते.

येथे घोटाळा होऊ नये म्हणून स्पष्ट सांगतो. कण्याला पक्की जोडलेली हेक्झिल शेपटी आणि पिंपातले मोकळे हेक्झेन ह्या वेगळ्या गोष्टी आहेत. पडद्यातील शेपटी उडून कोणाच्या नाकात जात नाही. परंतु दोहोंचा संबंध दुसऱ्या वाटेने आहेच. शेपटीची लांबी ठरली की पदार्थ कोणत्या द्रावकात विरघळणार ते ठरते, आणि ते द्रावक यंत्राजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या फुप्फुसात जाते. सेंद्रिय सौरपत्र्यांच्या शाईसाठी बरीच वर्षे क्लोरोफॉर्म आणि क्लोरोबेंझीनच्या जातीची क्लोरिनयुक्त द्रावके वापरीत आले. 2016 साली हाँगकाँगच्या संशोधकांनी एका पॉलिमरच्या फाटा असलेल्या शेपटीच्या दोन्ही फांद्यांत एकेक कार्बन वाढविला, आणि क्लोरिन नसलेल्या द्रावकातून सौरपत्रा बनवून 11.7 टक्के कार्यक्षमता मिळविली. ते द्रावकही निर्धोक आहे असे नव्हे. हवा खेळती ठेवावीच लागते. पण दिशा योग्य आहे.

आपल्याकडे भोपाळची दुर्घटना 1984 साली घडली, आणि त्यानंतर 1987 साली कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन धोकादायक प्रक्रियांची माहिती कामगारांना देणे मालकावर बंधनकारक झाले. कायदा कागदावर येण्यास इतकी माणसे मरावी लागली. कागदावरचे पिंपावर येण्यास मात्र माणसांनी विचारावे लागते; आणि विचारणाऱ्याला नाव वाचता आले पाहिजे, दुवे मोजता आले पाहिजेत. पुढेमागे ह्या छपाईचे कारखाने आपल्या भागात निघाले तर आमच्या मुली-मुलांना तेथे काम मिळावे, असे मलाही वाटते. त्या वेळी शाईत काय आहे, हे दारातच विचारणारी माणसे हवीत. शेपटीची लांबी ठरविणाऱ्यांनीही तीन गोष्टी एकत्र तोलाव्यात: वीज किती वाहते, शाई किती सहज होते, आणि ती शाई ढवळणाऱ्याला काय सोसावे लागते. पहिल्या दोन गोष्टी प्रयोगशाळेत मोजल्या जातात. तिसरी मोजण्याचा आग्रह आपण, म्हणजे गावाने आणि कामगारांनी, धरावयाचा आहे.